दाव्हिदकृत नेपोलियनचें चित्र : पुरावा कोणत्या काळाचा?

जुना कागद पारखतांना मजकूर, मिती, शिक्का व हस्ताक्षर यांचा परस्परांशीं मेळ बसतो कीं नाहीं हें आपण पाहतों. जुन्या तसबिरींस मात्र ही कसोटी क्वचितच लावली जाते. ती लावल्यास काय हातीं लागतें हें दाखविण्यासाठीं झाक-लुई दाव्हिद या फ्रेंच चित्रकारानें रंगविलेलें नेपोलियन बादशहाचें तैलचित्र आम्ही येथें विचारास घेतों.

हें चित्र वॉशिंग्टन येथील नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्यें आहे. त्याची उंची सुमारें २०४ व रुंदी १२५ सेंटिमीटर असून त्यावर दाव्हिदाची सही व १८१२ हें वर्ष आहे. फ्रान्स व ब्रिटन यांचें युद्ध चालू असतांना एका स्कॉटिश उमरावानें तें करविलें. नेपोलियन त्यासाठीं चित्रकारापुढें बसला नव्हता.

स्थळ तुइलरी राजवाड्यांतील अभ्यासिका. घड्याळांत चार वाजून तेरा मिनिटें झालीं आहेत. मेणबत्त्या विझत आल्या आहेत. मेजावर कायद्याचा कागद असून खुर्चीवर तलवार आहे. रात्रभर आपली कायदेसंहिता रचून बादशहा पहांटे सैन्याच्या पाहणीस निघाला आहे, असा चित्राचा आशय खुद्द दाव्हिदानेंच लिहून ठेवला आहे.

आतां मित्या ताडून पाहूं. फ्रान्सची दिवाणी संहिता २१ मार्च १८०४ रोजीं जारी झाली. त्या दिवशीं नेपोलियन प्रथम कॉन्सल होता. बादशाहीची घोषणा १८ मे रोजीं झाली. तथापि चित्रांतील खुर्चीवर बादशाहीचें चिन्ह असलेल्या मधमाश्या आहेत आणि छातीवर, १८०५ सालीं स्थापन झालेल्या लोहमुकुट पदकाचें मानचिन्ह आहे. तेव्हां ही संहिता रचली जात असतां अशी रात्र कधींच झाली नाहीं, हें चित्रच सांगतें. शिवाय मसुदा १८०० सालीं नेमलेल्या चार कायदेपंडितांनीं केला होता. नेपोलियननें राज्यमंडळाच्या अनेक बैठकींचें अध्यक्षस्थान भूषवून चर्चेंत भाग घेतला हें खरें. परंतु लेखणी एकट्या त्याची नव्हती.

मग चित्र बनावट म्हणावें काय? मुळींच नाहीं. तें अस्सलच आहे. मात्र त्याची साक्ष १८०४ ची नसून १८१२ ची आहे. त्याच वर्षीं जूनमध्यें नेपोलियननें रशियावर स्वारी केली. त्या सुमारास बादशहा आधीं कायदेकर्ता व मग योद्धा असा दिसावा, ही भावना या चित्रांत स्पष्ट उमटली आहे. घडलेल्या प्रसंगास दुर्बळ, पण लिहिणाराच्या काळास बळकट, असा जो बखरीचा पुरावा, त्याच जातीचा हा आहे.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी कीं, तसबिरीच्या नोंदींत पुरुषाचा काळ, दाखविलेल्या प्रसंगाचा काळ व रंगविल्याचा काळ अशा तीन मित्या वेगळ्या लिहाव्या. त्यांची गल्लत झाली, तर अस्सल चित्रावरूनही खोटा इतिहास लिहिला जाईल.