ढगात शिरण्याआधी विमानाचं काय काय होतं?

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे वेलांटी पहिली की दुसरी हा प्रश्न मला थर्मोडायनॅमिक्सपेक्षा अवघड जातो. तेवढं सांभाळून घ्या.

आमचं गाव देवगाव फाटा, तालुका सेलू, जिल्हा परभणी. ऑगस्ट २०१९ मध्ये मराठवाड्यात पावसानं ओढ दिली होती आणि सरकारनं तेव्हाच्या औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, कृत्रिम पावसाचं विमान उडवलं. मी तेव्हा शाळेत होते. फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिणारी माणसं माना वर करून बसायची. विमान आम्हाला काही दिसलं नाही, पण एक दिवस बरी सर येऊन गेली. मी उड्या मारत आबांना म्हणाले, "बघा, विमानानं पाडला!" आबांनी मातीत बोटं खुपसून ओल पाहिली. दोन बोटंसुद्धा नव्हती. मग म्हणाले, "का गं, हा त्या इमानाचा, का आपला नेहमीचा? मोजलं कुणी?"

त्या प्रश्नाचं उत्तर कुठे शोधायचं हे मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं. ते आकाशात नाही, हँगरमध्ये आहे!

ढगात रसायन सोडणारं विमान वेगळं आणि ढग मोजणारं विमान वेगळं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, २००९ पासून ‘कायपीक्स’ नावाचा प्रयोग चालवला. त्याचा २०१८ आणि २०१९ चा टप्पा सोलापुरात झाला, कारण सोलापूर पर्जन्यछायेत येतं. अशा कामाला बीचक्राफ्ट किंग एअर बी-२०० सारखी दोन इंजिनांची छोटी विमानं वापरतात. मुळात ती प्रवासी विमानं. कारखान्यातून ती काही ‘ढग मोजणारी’ म्हणून बाहेर पडत नाहीत. खुर्च्या काढून कॉम्प्युटरचे रॅक बसवायचे, पंखाखाली उपकरणं टांगायची, आणि सगळ्यात धडकी भरवणारं काम म्हणजे विमानाच्या धडाला भोक पाडायचं. आत हवेचा दाब असलेल्या धडाला कुठेही ड्रिल मारून चालत नाही. भोकाभोवती जादा पत्रा रिव्हेट करून ताण वाटून द्यावा लागतो, आणि त्याचं ड्रॉइंग आणि हिशोब विमान वाहतूक खात्याकडून मंजूर करून घ्यावा लागतो. बाहेर काढलेली नळीही पुरेशी लांब हवी. धडाला चिकटून वाहणारी हवा संथ आणि ढवळलेली असते, तिच्या पलीकडची हवा आत यायला पाहिजे. फ्लुइड मेकॅनिक्समधला बाउंड्री लेअर आपण पाच मार्कांसाठी पाठ करतो ना, तोच हा.

मग वजन. बी-२०० ला टेकऑफच्या वेळी जास्तीत जास्त ५६७० किलो चालतं. रॅक, वायरी, बॅटऱ्या, शास्त्रज्ञ, सगळं त्यातच बसवायचं. जे वजन वाढलं ते इंधनातून कापलं जातं, म्हणजे ढगातला वेळ कमी झाला. म्हणून बदल झाल्यावर विमान पुन्हा काट्यावर चढवतात, प्रत्येक चाकाखाली एक काटा, आणि गुरुत्वमध्य नव्यानं काढतात. त्यानंतर एकेक उपकरण चालू करून रेडिओ आणि होकायंत्रावर त्याचा परिणाम होत नाही ना ते बघतात. इतकं झाल्यावर रनवेवर नुसती धाव, आणि मग पहिलं उड्डाण, तेही कोरड्या स्वच्छ हवेत. वेग टप्प्याटप्प्यानं वाढवायचा, कारण पंखाखाली टांगलेल्या नळकांड्यांनी पंखाची थरथर बदलू शकते. हवा कशी वाहते ते बघायला पत्र्यावर चक्क लोकरीचे धागे चिकटवतात! आमच्या लॅबमधल्या महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा मला हे जास्त आवडलं.

इथपर्यंत विमान उडायला लायक झालं. मोजायला लायक झालं का? खरी गंमत पुढेच आहे.

ढगातला थेंब साधारण २० मायक्रॉनचा, पावसाचा थेंब २ मिलिमीटरचा. व्यासात शंभर पट फरक, म्हणजे आकारमानात दहा लाख पट. ढगातले दहा लाख थेंब एकत्र आले की पावसाचा एक थेंब! हे बारके थेंब मोजणाऱ्या उपकरणात लेसरचा किरण असतो, थेंब त्यातून गेला की प्रकाश विखुरतो आणि त्यावरून आकार कळतो. पण किरणाचा कामाचा भाग जेमतेम पाव चौरस मिलिमीटर. विमान सेकंदाला १०० मीटर गेलं तर सेकंदात तपासून होतो फक्त २५ घन सेंटिमीटर ढग, म्हणजे अर्ध्या कप चहाइतका. यात विमानाचा वेग ५ टक्के चुकला तर थेंबांची संख्याही ५ टक्के चुकली. म्हणून चाचणी उड्डाणात एकाच रेषेवर उलटसुलट उडून वेगमापक तपासतात. उपकरण तपासायला ठरावीक व्यासाचे काचेचे बारीक मणी किरणातून सोडतात. मण्याचा जो आकडा यायला हवा तोच येतोय का? नसेल तर पुन्हा दुरुस्त करा. आणखी एक भानगड म्हणजे थेंब किंवा बर्फाचे कण उपकरणाच्या दांड्यावर आपटून फुटतात आणि ढगात नसलेले बारके कण मोजले जातात. त्यासाठी दांड्यांची टोकं अणकुचीदार केली. या सगळ्या तपासण्यांचे कागद सोबत असले तरच ते विमान शास्त्रज्ञांच्या ताब्यात आलं म्हणायचं.

हे सगळं मी उन्हाळ्याच्या सुट्टीत आबांना सांगितलं. ते तेव्हा गोणपाटात सोयाबीनचे शंभर दाणे मोजून गुंडाळत होते. पेरणीआधी उगवण तपासायची आमच्याकडे ही पद्धत आहे, सत्तरपेक्षा कमी उगवले तर ते बियाणं पेरायचं नाही. "म्हणजे इमानाचंबी गोणपाट असतंय म्हण की," आबा म्हणाले. मी म्हटलं, अगदी तसंच!

मग मी त्यांना आकडे सांगितले. महाराष्ट्रात हा प्रयोग जुनाच. बारामतीच्या परिसरात १९७३ ते १९८६ च्या दरम्यान अकरा पावसाळे डीसी-३ विमानातून मिठाची पूड सोडून पाहिली, तेव्हा २४ टक्के वाढ दिसली. सोलापुरात २७६ ढग निवडले, काहींत कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या पेटवल्या, काही मुद्दाम तसेच सोडले. तुलना करायची तर न पेरलेले ढग लागतातच. २०२३ मध्ये निष्कर्ष आले, पाऊस सुमारे १८ टक्के जास्त. पण योग्य ढग मुळात असला तरच. कोऱ्या आभाळातून कुठलंही विमान पाणी काढत नाही.

आबांनी गोणपाटाला सुतळी बांधली. "आणि जे ढग तसेच सोडले," ते म्हणाले, "त्याच्या खालच्या गावाला कुणी सांगितलं होतं का?"

मी गोणपाटावर पाणी शिंपडलं.