दुर्बिणीआधीचे तास

भोर तालुक्यातल्या भोंगवलीत कुणाला रक्ताची उलटी झाली किंवा डांबरासारखी काळी, चिकट शी झाली, की घरच्यांच्या मनात पहिलं पुणंच येणार. पोटात घालायची दुर्बीण तिथे, मग वाटेत थांबायचं कशाला? दुर्बिणीची किमया खरीच आहे. अल्सरच्या तळातून चिळकांडी उडवणारी धमनी पडद्यावर दिसते. डॉक्टर तिच्याभोवती ॲड्रेनलिन टोचून रक्त थोपवतात आणि वर क्लिप बसवतात किंवा ती डागतात. नुसतं इंजेक्शन पुरत नाही, त्याचा असर उतरला की रक्त पुन्हा सुटू शकतं. तरीही माझं म्हणणं असं, की रुग्ण दुर्बिणीपर्यंत कोणत्या अवस्थेत पोहोचतो यावर पुढचं बरंच ठरतं, आणि ते काम गावाजवळच्या आरोग्य केंद्राचं व 108च्या गाडीचं आहे.

हाँगकाँगच्या डॉक्टरांनी 2020 साली अशाच रक्तस्रावाच्या, जास्त धोक्याच्या 516 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तज्ज्ञांकडे आल्यावर सहा तासांच्या आत दुर्बीण घातलेल्यांत महिनाभरात 8.9 टक्के दगावले, 6 ते 24 तासांत घातलेल्यांत 6.6 टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण घाईचा फायदा दिसला नाही एवढं नक्की. मधल्या वेळात प्रेशर सावरतं, आम्ल कमी करणारं औषध लागू पडतं. रक्त देण्यातही घाई नको: बार्सिलोनातल्या 2013च्या अभ्यासात हिमोग्लोबिन 7च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण, 9च्या खाली जाताच दिलेल्यांपेक्षा जास्त जगले.

कुणी म्हणेल, ही दिरंगाईला सबब झाली. नाही. सलाईन देऊनही प्रेशर सावरत नव्हतं असे रुग्ण हाँगकाँगच्या अभ्यासात नव्हतेच. त्यांना थांबवून चालत नाही. लिव्हर खराब होऊन अन्ननलिकेच्या शिरा फुगून फुटल्या असतील, तर बारा तासांत दुर्बिणीतून रबरी बँड बसवावे लागतात. पण तिथेही शिरांमधला दाब उतरवणारं औषध आणि अँटिबायोटिक दुर्बिणीची वाट न पाहता सुरू करायचं असतं. मग तालुक्यालाच दुर्बीण का नको? यंत्र आणता येईल. मध्यरात्री ते चालवणारा सरावाचा हात, भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी त्याच्यासोबत येत नाही. तोवर आरोग्य केंद्रात दोन जाड सुया, सलाईन, नाडी-प्रेशरची नोंद आणि पुढच्या रुग्णालयाला आधीच फोन, एवढं चोख हवं. सोबतच्या चिठ्ठीवर उलटीची वेळ असावी, आणि गुडघेदुखीसाठी चालू असलेल्या गोळ्या किंवा रक्त पातळ करणारं औषध यांची नावंही.