हिमलोट

स्वित्झर्लंड देशात, आल्प्स पर्वताच्या कुशीत, आंडरमाट नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाच्या माथ्यावरील उतारावर सूचिपर्णी वृक्षांचे एक अरण्य उभे आहे. इ. स. १३९७ मध्ये या अरण्याविषयी एक कडक निर्बंध लिहून ठेवण्यात आला. तेथील झाड तोडणे तर दूरच. फांदी किंवा झाडाचे फळही कोणी बाहेर न्यावयाचे नाही! कडाक्याच्या थंडीत राहणाऱ्या लोकांनी दाराशी असलेल्या सरपणावर पाणी का सोडावे? थंडीहूनही त्यांना अधिक भय होते ते हिमलोटाचे.

उतारावर साचलेला बर्फाचा थर एकाएकी सुटून वेगाने खाली कोसळू लागला, म्हणजे त्यास हिमलोट म्हणतात. आकाशातून उतरणारा हिमकण कापसासारखा हलका असतो. मग त्यातून असा संहार कसा घडतो?

हिवाळ्यात बर्फ एकदाच पडत नाही. थरावर थर चढत जातात. त्यांतील एखादा थर साखरेसारखा रवाळ राहतो; त्याचे कण एकमेकांस धरून राहत नाहीत. अशा वेळी मोठे हिमवादळ आले, की दोनतीन दिवसांत कधी कमरेइतका, तर कधी पुरुषभर नवा बर्फ साचतो. शिवाय, वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उडवून दुसऱ्या अंगावर नेऊन टाकतो. खालच्या दुबळ्या थरास हा भार सोसवत नाही. तो खचतो, बर्फास तडा जातो आणि वरचा सबंध थर घसरू लागतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हे भय सर्वांत अधिक असते. कारण त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साचत नाही आणि सौम्य उतारावर तो सहसा घसरत नाही. कोरड्या बर्फाचा मोठा लोट ताशी २०० किलोमीटरांहूनही अधिक वेगाने धावतो.

वादळ शमले म्हणजे संकट टळले, असे मात्र नाही. आकाश निवळते, ऊन पडते, शुभ्र उतार मोहक दिसू लागतो. परंतु त्या वेळी एका माणसाच्या भारानेही लोट सुटू शकतो. लोट थांबताच बर्फ घट्ट होतो. त्यात गाडलेल्या माणसास हातपाय हलविता येत नाहीत व श्वास कोंडतो. पहिल्या काही मिनिटांत सोबत्यांनी उकरून काढले, तरच त्याच्या जीविताची आशा असते.

आता त्या जुन्या निर्बंधाचे मर्म ध्यानात येईल. दाट झाडीत बर्फाचा सलग थर तयार होत नाही व वृक्षांची खोडे त्यास जागच्या जागी धरून ठेवतात. परंतु वृक्षांच्या शक्तीलाही मर्यादा आहे. झाडे उगवत नाहीत अशा उंचीवरून सुटलेला प्रचंड लोट अरण्यालाही आडवे करतो. १९५१ च्या जानेवारीत भयंकर हिमवृष्टी झाली आणि आंडरमाटवर हिमलोट कोसळून १३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या हिवाळ्यात सबंध स्वित्झर्लंडमध्ये ९८ जणांचा बळी गेला.

या आघाताने तो देश खचला नाही. अरण्याच्या वरच्या उतारांवर पोलादी कठडे उभारण्यात आले, नवी रोपे लावण्यात आली. दावोस येथील हिमसंशोधन संस्थेने बर्फाच्या थरांचा अभ्यास नेटाने चालविला व धोक्याच्या सूचना अधिक अचूक होत गेल्या. पुढे १९९९ च्या फेब्रुवारीत पुन्हा तशीच हिमवृष्टी झाली. शेकडो हिमलोट कोसळले. परंतु रस्ते वेळीच बंद केले होते; अनेक ठिकाणी लोकांना घरांतून हलविले होते. तेव्हा १७ माणसे दगावली. पर्वतांत राहणाऱ्यांची व प्रवाशांची संख्या १९५१ पेक्षा पुष्कळ वाढलेली असूनही हानी एवढी कमी झाली!

हिमवादळ थोपविणे मनुष्याच्या हाती नाही. परंतु ते कोठे व कसे घात करते हे जाणून घेणे, आणि उतार कितीही मोहक दिसला तरी सूचना मिळताच पाऊल मागे घेणे, हे त्याच्या हाती आहे. आंडरमाटच्या माथ्यावरील ते अरण्य आजही जपले जाते.