उशिरां शिकूं इच्छिणाऱ्यांसाठीं

ज्येष्ठ-आषाढ आला कीं गोदाकांठच्या आमच्या सायखेड्यांत घरोघर कॉलेजप्रवेशाची चर्चा सुरू होते. बारावी होऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांची काळजी सर्वच वाहतात. परंतु लग्नामुळें जिचें शिक्षण थांबलें ती सून, किंवा वडिलांच्या पश्चात् घर सांभाळण्यासाठीं ज्यानें पुस्तकें फडताळांत ठेविलीं तो थोरला मुलगा, यांची आठवण कोणास होत नाहीं. त्यांनीं इच्छा बोलून दाखविली तर दोन प्रश्न पुढें येतात : या वयांत कॉलेज कसलें? आणि पैसा कोठून आणावयाचा?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रांत आहे. मुरुडाहून कुंभार्ली घाटानें पायीं साताऱ्यास परीक्षेसाठीं गेलेल्या या मुलास, वयानें लहान दिसतो म्हणून परत पाठविण्यांत आलें. पुढें मॅट्रिक होण्यास त्यांस १८८१ साल उजाडलें. तेव्हां ते तेवीस वर्षांचे व विवाहित होते. मुंबईस शिकवण्या करून त्यांनीं शिक्षणाचा खर्च भागविला व १८८४ सालीं पदवी मिळविली. आधीं लहान ठरलेला व नंतर मोठा झालेला हा विद्यार्थी १९५८ सालीं भारतरत्न झाला. विद्यार्थी म्हणजे विद्येचा अर्थी. या समासाचा विग्रह कसाही करा, त्यांत वयाला जागा सांपडत नाहीं.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. एके काळीं वार लावून वा माधुकरी मागून मुलें शिकत. ती व्यवस्था दातृत्वाची असली तरी मुलास मान खालीं घालावी लागे. पुण्यास १९०९ सालीं अनाथ विद्यार्थी गृह व १९५५ सालीं विद्यार्थी सहायक समिति निघाली, तेव्हां मदतीला संस्थेचें रूप आलें. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं तर स्वतः श्रम करून शिकण्याचा धडा घालून दिला. त्यांच्या नांवाची 'कमवा व शिका' योजना पुणें विद्यापीठाच्या कॉलेजांतून चालते.

नोकरी वा संसार सोडणें ज्यांस शक्य नाहीं, त्यांच्यासाठीं नाशकासच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. तें १९८९ सालीं स्थापन झालें. घरीं अभ्यास करून मिळविलेली त्याची पदवी इतर विद्यापीठांच्या पदवीइतकीच मान्य आहे.

व्यावसायिक शिक्षण घ्यावयाचें असल्यास सरकारी सवलती नीट समजून घ्याव्यात. राजर्षि शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तींत, कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षणशुल्काचा निम्मा भार शासन उचलतें. २०२४-२५ सालापासून याच मर्यादेंतील आर्थिक दुर्बल व मागास प्रवर्गांच्या मुलींस शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरींतून झालेला असावा लागतो. जो तारीख चुकवून मागाहून व्यवस्थापनाच्या जागेवर शिरतो, त्यास जागा मिळते. परंतु सवलत हातची जाते. वयाचा उशीर क्षम्य आहे, तारखेचा उशीर महाग पडतो, हें ध्यानांत ठेवावें.

यासाठीं उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला निफाडच्या तहसील कचेरींतून निकालापूर्वींच काढून ठेवावा. आर्थिक दुर्बल प्रवर्गाचा दाखला दरवर्षीं नवा लागतो. एवढ्यानें न भागल्यास कर्जाचा विचार करावा. नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेंत निवडक संस्थांत गुणवत्तेनें प्रवेश मिळालेल्यांस तारण व जामीन न देतां कर्ज मिळतें. दागिना मोडण्यापूर्वीं व सावकाराच्या दारीं जाण्यापूर्वीं ही चौकशी अवश्य करावी.

शेवटीं घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस आमची विनंति एवढीच कीं, मुंजीला व लग्नाला आपण ऋण काढतों आणि त्याची लाज बाळगीत नाहीं. सुनेच्या शुल्काचा विषय निघाला म्हणजे मात्र आपणांस काटकसर आठवते. द्राक्षाचा वेल उशिरां लाविला तरी त्यास पाणी द्यावेंच लागतें, हें आमच्या निफाड तालुक्यांत कोणास सांगावयास नको. पैशाची वाट आहे. ज्याला शिकावयाचें आहे त्याला घरानें आधीं 'हो' म्हणावें.