तलावाचे कान, तलावाचे डोळे

ऑक्टोबर २०२३ मधली एक सकाळ. दादरला शिवाजी पार्कजवळच्या महापालिकेच्या महात्मा गांधी स्मारक जलतरण तलावात मगरीचं पिल्लू निघालं. सभासदांना आत सोडण्याआधी तलाव नजरेखालून घालायची तिथली रीत, म्हणून ते कर्मचाऱ्यांना दिसलं. पिल्लू वन विभागाकडे गेलं, मुंबईकरांनी दोन दिवस विनोद केले आणि विषय संपला. पण सुरक्षा अद्ययावत करायची म्हणजे काय, याचा धडा त्या पाहणीत होता. पाण्यात नको ते आहे, हे तिथे पाण्याकडे बघणाऱ्या माणसाला कळलं.

तलावाच्या सुधारणेचा विषय निघाला की यादी ठरलेली असते: आणखी कॅमेरे, आणखी मोठे कर्णे. तलाव मात्र सभागृहासारखा वागत नाही. तिथे जागा कमालीची गोंगाटाची असते आणि धोका अगदी मुका.

आधी आवाज. बंदिस्त तलावात फरशी, काच, छत आणि खुद्द पाणी, सगळेच आवाज परतवतात. सुट्टीतल्या बॅचची पोरं किंचाळत असताना ‘खोल पाण्याकडे जाऊ नका’ अशी सूचना दिली, तर शब्द एकमेकांवर चढतात आणि उरतो नुसता घुमारा. अशा वेळी आवाज वाढवला की घुमाराही तेवढाच वाढतो. त्यावर उपाय म्हणजे एका टोकाला दोन मोठे कर्णे टांगण्याऐवजी कठड्यालगत अनेक लहान ध्वनिक्षेपक लावायचे, त्यांचं तोंड माणसांकडे ठेवायचं आणि छताला ओल सोसणारं, आवाज शोषणारं अस्तर द्यायचं. त्यातही एक मेख आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ५० मीटरच्या तलावाचं दुसरं टोक गाठायला त्याला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो. दूरच्या ध्वनिक्षेपकांना तेवढा उशीर मुद्दाम दिला नाही, तर एकच वाक्य दोनदा ऐकू येतं.

आपल्याकडचे बरेच सार्वजनिक तलाव उघड्यावर आहेत. तिथे घुमाऱ्याचा त्रास कमी, पण शेजाऱ्यांचा जास्त. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनी उतरतो. सगळा तलाव एकाच कर्ण्याने झाकायला गेलं, तर पहाटेची शिट्टी समोरच्या इमारतीतल्या बाळाला आधी उठवते.

आणि ज्याचं डोकं पाण्याखाली आहे, त्याचं काय? हवेतल्या आवाजाच्या ऊर्जेचा जेमतेम हजारावा भाग पाण्यात शिरतो. बाकीचा पृष्ठभागावरून परततो. म्हणून जिथे पाण्यातही ऐकू यायला हवं, तिथे ध्वनिक्षेपक पाण्यातच बसवतात. कलात्मक जलतरणाचे संघ त्याच आधारावर तालात राहतात. पाण्यात ध्वनी चौपटीहून वेगाने धावतो आणि कवटीच्या हाडांतून कानाच्या आतल्या भागात पोचतो. दोन्ही कानांना तो जवळपास एकदमच मिळतो, त्यामुळे दिशा कळेनाशी होते; आवाज जणू डोक्यातच वाजत असतो. मात्र हे काम हौशी वायरमनचं नव्हे. सार्वजनिक ध्वनियंत्रणेच्या तारांत १०० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो, तर आंतरराष्ट्रीय विद्युत मानक पाण्यातल्या उपकरणांना प्रत्यावर्ती विजेचे १२ व्होल्टच मान्य करतं.

शर्यतीत तर आवाजाचा हिशेब सेकंदाच्या शंभराव्या हिश्शावर येतो. स्टार्टर पहिल्या मार्गिकेच्या बाजूला उभा असेल, तर अडीच मीटर रुंदीच्या मार्गिकांमुळे आठव्या मार्गिकेचा जलतरणपटू पहिल्याहून साडेसतरा मीटर लांब असतो. त्याला इशारा सुमारे ०.०५ सेकंद उशिरा मिळतो. म्हणून मोठ्या स्पर्धांत प्रत्येक उडीच्या चौथऱ्याला स्वतंत्र ध्वनिक्षेपक असतो. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मिडलेचं सुवर्णपदक स्वीडनच्या गुन्नार लार्सनने अमेरिकेच्या टिम मॅकीला ०.००२ सेकंदाने हरवून मिळवलं होतं, हे आठवलं की या पाच शतांश सेकंदांचं मोल कळतं.

टांगलेल्या वस्तूंबद्दल स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावाने जबर किंमत मोजली. १९८५ साली तिथल्या तलावाचं काँक्रीटचं छत कोसळून १२ जण गेले. छत तोलणारे स्टेनलेस स्टीलचे गज क्लोरीनयुक्त दमट हवेने आतून तडकले होते. ‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही’ हे तलावावर खरं नाही. कर्णा असो की कॅमेरा, त्याच्या पट्ट्या आणि बोल्ट यांचा धातू निवडूनच घ्यावा लागतो.

आता डोळे. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवरचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांचं चित्रण अभ्यासून दाखवलं, की बुडणारा सहसा ओरडत नाही, मदतीसाठी हातही हलवत नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात श्वास घ्यायचा की हाक मारायची? तो उभ्यानेच, हातांनी पाणी खाली दाबत २० ते ६० सेकंद झगडतो आणि खाली जातो. हे टिपायला प्रवेशद्वारावरचे कॅमेरे कुचकामी. खांबावरच्या कॅमेऱ्याला दिसते पाण्यावर चमकणारी तिरीप. म्हणून पाण्याखाली आणि थेट वरून बघणारे कॅमेरे, तळाशी निश्चल पडलेला देह ओळखणारं संगणकीय तंत्र आणि जीवरक्षकाला इशारा, अशी साखळी तयार झाली. वेल्समधल्या बँगोर इथे २००५ साली तळाशी गेलेली दहा वर्षांची मुलगी अशाच फ्रेंच बनावटीच्या यंत्रणेच्या इशाऱ्यामुळे वाचली. २०१७ पासून अशा यंत्रणांसाठी आयएसओ २०३८० हे मानकही आहे. तरी बँगोरलाही मुलीला वर काढलं ते जीवरक्षकाने. यंत्राने फक्त हाक दिली.

डोळ्यांना मर्यादाही हवी. कपडे बदलण्याच्या खोल्यांत आणि न्हाणीघरात कॅमेरा नाही म्हणजे नाही. तिथे स्त्रीचं चोरून चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. तिथल्या चोऱ्या थांबवायच्या तर चांगले लॉकर आणि दाराबाहेर जागता माणूस हवा.

काम पूर्ण झालं की कंत्राटदार रिकाम्या, शांत तलावावर माइक घेऊन ‘हॅलो, हॅलो’ म्हणतो. ती चाचणी फसवी. खरी चाचणी मे महिन्यातल्या भरलेल्या बॅचमध्ये. एकाने माइकवरून सूचना द्यायची आणि दुसऱ्याने सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून ऐकायचं. काय सांगितलं ते त्याला जसंच्या तसं सांगता आलं, तरच बिलावर सही करायची.