रियाज सुरू असताना तंबोऱ्याचं अ‍ॅप बंद का पडतं?

31 ऑगस्ट 2025 पासून प्ले स्टोअरवर अपडेट टाकायचं तर अ‍ॅप किमान अँड्रॉइड 15 साठी बांधलेलं हवं, ही बातमी आता जुनी झाली. या नियमापायी गाणी, प्रवचनं, रेडिओ ऐकवणाऱ्या अ‍ॅपमध्ये काय बिघडू शकतं, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी रोजच्या रियाजाला तंबोऱ्यावर बसणारं माणूस मिळत नाही, म्हणून शिकणारी मुलं मोबाइलवरच तंबोरा लावतात. षड्ज लागतो न लागतो तोच फोन येतो; तो ठेवून पाहावं तर अ‍ॅप बंद. राग हँडसेटवर निघतो. चूक बहुतेक वेळा कोडची असते.

अँड्रॉइडचा मीडियाप्लेअर ठरलेल्या क्रमानेच चालतो. आधी फाइल द्यायची, मग प्रिपेअर, मग स्टार्ट, शेवटी रिलीज. मिरजेचा कारागीर घोडी घासून जवारी काढल्याशिवाय तंबोरा गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. प्रिपेअरचं महत्त्व तेवढंच. फोन आल्यावर अनेक अ‍ॅप प्लेअर रिलीज करतात, पण सरकपट्टी हलवणारा टायमर ‘कुठवर आलं?’ असं विचारतच राहतो. रिलीज झालेल्या प्लेअरला हा प्रश्न विचारला की इल्लीगल स्टेट एक्सेप्शन येतं आणि अ‍ॅप कोसळतं. यावर ट्राय-कॅच लावून मोकळं होणं मला अजिबात पटत नाही, कारण त्याने क्रॅश दडतो, चूक तशीच राहते. रिलीजच्या आधी टायमर थांबवा, नंतर प्लेअरचा संदर्भ नल करा. इंटरनेटवरचा आवाज असेल तर प्रिपेअरअसिंक वापरा. साधं प्रिपेअर मुख्य थ्रेडवर अडून बसतं आणि स्क्रीन गोठते.

थेट प्रसारणाची गोष्ट आणखी वेगळी. म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखं रेडिओ केंद्र अ‍ॅपवर ऐकवायचं ठरवलं, तर त्या आवाजाला लांबीच नसते. मीडियाप्लेअर लांबी -1 सांगतो. तोच आकडा सरकपट्टीची कमाल मर्यादा म्हणून दिला की काही पट्ट्या तिथेच अ‍ॅप पाडतात.

आता सुरुवातीच्या नियमाकडे. अँड्रॉइड 15 साठी बांधायचं तर त्याआधीच्या आवृत्तीची अटही लागू होते. अँड्रॉइड 14 पासून स्क्रीन बंद असताना वाजत राहणाऱ्या फोरग्राउंड सर्व्हिसचा प्रकार ‘मीडियाप्लेबॅक’ असा मॅनिफेस्टमध्ये लिहावा लागतो, शिवाय त्याची वेगळी परवानगीही. जुनं अ‍ॅप नव्या आवृत्तीसाठी बांधताना हे राहिलं, तर सर्व्हिस सुरू होतानाच क्रॅश. नव्याने लिहिणाऱ्यांनी सरळ मीडिया3 ही लायब्ररी घ्यावी. क्रमाची बरीच काळजी ती स्वतः घेते, मात्र प्लेअरला एकाच थ्रेडवरून हाक मारायची, हे पथ्य तिथेही आहे.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात, साखराळ्यात, साताऱ्यात अ‍ॅप बांधणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं: प्रोजेक्ट जमा करण्याआधी घरातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर ते तासभर वाजवा, मध्येच कॉल करा, ब्लूटूथ तोडा, स्क्रीन आडवी करा. त्यातून ते टिकलं तरच रियाजाला बसणाऱ्याच्या हाती द्या.