बुडेल की तरंगेल? आजऱ्याकडच्या अंगणवाडीतला एक दिवस

सकाळी ९

जुलैचा पाऊस. आजरा तालुक्यात रोपलावणीचे दिवस. घरातली धडधाकट माणसं उजाडताच चिखलात उतरलेली असतात, म्हणून मुलं कधी आजीचं बोट धरून येतात, कधी आमच्या मदतनीसताई घरोघरी जाऊन त्यांना गोळा करून आणतात. खोली झाडून सतरंजी पडलेली असते. माझं पहिलं काम मात्र अंगणातलं: उघड्यावर ठेवलेला सरळ बाजूंचा डबा बघणं. त्यात रात्रभरचा पाऊस साठलेला असतो आणि मुलं येईपर्यंत तो कुणी सांडू नये, याची मी काळजी घेते.

साडेनऊ

ज्याची पाळी असेल तो नारळाच्या हिराची काडी डब्यातल्या पाण्यात तळापर्यंत उभी धरतो. जिथवर ओली झाली तिथं मोडतो. मग ती काडी भिंतीवरच्या कागदावर कालच्या काडीशेजारी चिकटवायची आणि डबा रिकामा करून परत जागेवर ठेवायचा. डबा वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचा हवा. गळ्याकडे निमुळती होणारी बाटली पावसाचं माप चुकवते. सेंटिमीटर हा शब्द या वयाला लागत नाही. काड्यांच्या रांगेवर बोट ठेवून साडेचार वर्षांची मुलगी सांगते, "बाई, ह्या दिवशी लई पडला." हिरण्यकेशी नदी दुथडी भरून वाहत होती तोच तो दिवस. मोजणं, नोंद ठेवणं आणि दोन दिवसांची तुलना करणं ही विज्ञानाची तिन्ही कामं तिनं केलेली असतात.

१०

प्रार्थना, हात धुणं, मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये हजेरी. रेंज असेल तर पटकन होतं.

साडेदहा

आता परात. तिच्यात चार बोटं पाणी, त्याहून जास्त नाही. लहान मुलाला उथळ पाण्याचाही धोका असतो, म्हणून परात मांडली की मी तिथून उठत नाही आणि खेळ संपला की पाणी लगेच ओतून टाकते. शेजारी सामान: खिळा, लाकडाचा ढलपा, सुपारी, बाटलीचं झाकण, ओढ्यातला गोटा, करवंटी, अख्खा नारळ. काजूची बी आमच्याकडे घरोघरी असते, पण तिच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं. म्हणून ती न फुटलेली बघून मीच टाकते, मुलांच्या हातात देत नाही.

नियम एकच. वस्तू पाण्यात टाकण्याआधी प्रत्येकानं सांगायचं: बुडेल की तरंगेल?

तीन वर्षांची मुलं शेजारचा जे म्हणेल तेच म्हणतात. चार-साडेचारच्या मुलांचं स्वतःचं मत असतं आणि ते बहुतेक वेळा असं असतं: मोठं बुडतं, बारकं तरंगतं. मी "चूक" म्हणत नाही. खिळा टाकते. तो तळाला जातो. मग नारळ. परातीतल्या चार बोटं पाण्यात तो तळाला टेकून बसेल की काय अशी मला शंका असते, म्हणून त्याच्यासाठी बादली आणते. नारळ बादलीत डुलत राहतो. खोली एकदम गप्प होते. मग कुणीतरी म्हणतं, "त्यात हवा हाय." दुसरा म्हणतो, "लाकूड हाय म्हणून." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. घनता हा शब्द मी उच्चारत नाही. तो सातवी-आठवीत भेटेल तेव्हा आपला अंदाज नारळानं खोटा ठरवल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी असेल. तसा अनुभव नसलेल्या मुलाला व्याख्या पाठ करण्यावाचून गती नसते.

माझं ठाम मत आहे की या वयात बाईंनी दिलेलं उत्तर मुलाचा प्रश्न मारून टाकतं. मुलाला उत्तराची घाई नसते, ती आपल्याला असते. "का बुडलं?" असं कुणी विचारलं की मी विचारते, "तुला काय वाटतं?" आणि थांबते. हे थांबणं हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे.

सव्वाअकरा

एका पेल्यात साधं पाणी, दुसऱ्यात मूठमूठ मीठ घालून ढवळलेलं. बटाट्याची फोड पहिल्यात बुडते, दुसऱ्यात वर येते. नातवाला सोडायला आलेली आजी दारातच थांबलेली असते. ती म्हणते, "भाताचं बी न्हाई का आम्ही असंच काढत?" खरंच आहे. तरवा (रोपांसाठी बी) टाकण्याआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं ओततात. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाला बसलेले भरीव दाणे साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे. मी आजींना आत बसवते आणि तेच मुलांना सांगायला लावते. त्यांच्याइतकं चांगलं मला सांगता येत नाही.

१२

पाणी बसक्या वाटीतून उंच पेल्यात ओतलं की मुलं म्हणतात, "आता जास्त झालं." स्विस अभ्यासक ज्याँ पियाजे यांनी हेच दाखवलं होतं: साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलं असं म्हणतात. वाद घालायचा नाही, पुन्हा पुन्हा ओतू द्यायचं.

मग जेवण. त्याआधी डोळे मिटून वासाचा खेळ: पुरचुंडीत ओवा, हळदीचं पान, घनसाळ तांदूळ. आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण इथल्या मुलाला त्याची ओळख नाकानंच होते. तांदूळ ओळखला नाही असं क्वचितच घडतं.

१

उघडीप मिळाली तर परसात. अळूच्या पानावर थेंब ठेवायचा आणि पान हलवायचं. थेंब गोल राहतो, पान कोरडंच. शेजारच्या पेरूच्या पानावर तोच थेंब पसरतो. भिंगातून गांडूळ बघायचं, मग त्याला ओल्या मातीत परत सोडायचं. आल्यावर साबणानं हात.

२

मुलं घरी जातात. जाताना एक काम: ओल्या फडक्यात मूठभर मूग बांधून ठेवायचे आणि थोडे कोरड्या फडक्यातही. उद्या दोन्ही घेऊन यायचं.

३

गृहभेटी, गरोदर मातांची चौकशी, रजिस्टरं. एका घरी आई विचारते, "बाई, पाण्यात खेळवताय, पण अ आ ई कधी शिकवणार? तालुक्याला नर्सरीत पोरं एबीसीडी म्हणत्यात." त्या आईची काळजी खरी आहे आणि मी ती उडवून लावत नाही. मी त्यांना काड्यांच्या कागदाचं सांगते: लांब-आखूड, जास्त-कमी, काल-आज हे मुलगी स्वतः बोलते, गणित आणि भाषा इथूनच सुरू होते. ही वाट नवी नाही: बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर नेलं. महागड्या माँटेसरी साहित्याऐवजी त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं घेतली. अंगणवाडीची कल्पना तिथली. अंगणवाड्या चालवणारी सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७५ ला आली. तिथल्या आदिवासी पाड्यावर जे जमलं ते घनसाळच्या शिवारातही जमतं.

साडेचार

उद्याचं सामान पिशवीत. भिंग एकच आहे आणि त्यासाठी रांग लागते.

तुमच्या घरी जुनं भिंग, सरळ बाजूंचे पारदर्शक प्लास्टिकचे डबे, मापाचे पेले, उथळ पराती पडून असतील तर जवळच्या अंगणवाडीत नेऊन द्या. भिंगाखेरीज काचेच्या वस्तू, बटणासारखे सेल आणि बारके चुंबक मात्र देऊ नका. काच फुटते, सेल आणि चुंबक मुलं गिळतात. आणि सामान द्यायला गेलात तर परातीपाशी थोडा वेळ बसा. उत्तर सांगू नका.